मी स्वतः लक्ष घालतो

पाणीपुरवठा खात्याच्या हेडक्लार्कसाहेबांना देवाने रूप बेताचं दिलं होतं, उंची त्याहून बेताची दिली होती, आणि मग बहुधा स्वतःलाच ओशाळल्यासारखं होऊन आवाज मात्र हात सैल सोडून दिला होता. भरदार, मऊ, घाई नसलेला असा तो आवाज होता. उद्या पाणी येणार नाही, एवढंच ते म्हणाले तरी ऐकणाऱ्याला आपल्याला काहीतरी मिळालं असं वाटायचं. तक्रारीच्या खिडकीशी माणूस तावातावाने यायचा. एकदा एकाने तर रिकामी बादली आणून खिडकीच्या फळीवर आपटली होती. हेडक्लार्क शांतपणे सगळं ऐकून घ्यायचे, चष्मा काढून टेबलावर ठेवायचे आणि म्हणायचे, "काळजी करू नका. मी स्वतः लक्ष घालतो." बादलीवाला बादली उचलून निमूट घरी गेला.

हे वाक्य कुठल्याही कचेरीत कुठल्याही खिडकीशी ऐकायला मिळतं, हे कबूल. आमच्या हेडक्लार्कांचं वेगळेपण एवढंच की ते खरोखर लक्ष घालायचे. संध्याकाळी घरी जाता जाता फिटरला गाठून विचारायचे, दुसऱ्या दिवशी पुन्हा विचारायचे, तिसऱ्या दिवशी त्याच मऊ आवाजात पुन्हा विचारायचे, आणि शेवटी फिटर कंटाळून उठायचा आणि पाइप जोडून यायचा. खात्याचा सगळा कारभार फिटरच्या या कंटाळ्यावर चालला होता, आणि चांगला चालला होता. रोज पाचसहा माणसं यायची, पाचसहा शब्द दिले जायचे, ते पाळलेही जायचे. हेडक्लार्कांना बढती मिळाली नव्हती, बंगला बांधता आला नव्हता, पण आपला शब्द कधी खाली पडला नाही हे ते स्वतःशी म्हणू शकत होते. हे खरं तर त्यांच्या बायकोसमोर म्हणता येत नव्हतं, कारण स्वयंपाकघरातला नळ गेली कित्येक वर्षं ठिबकत होता आणि त्यातही ते स्वतः लक्ष घालणार होते.

अशात वरून आदेश आला की खात्याचं डिजिटल परिवर्तन करायचं आहे.

परिवर्तन म्हणजे काय, हे सांगायला मोठ्या साहेबांनी सभा घेतली. नागरिकाला यापुढे कचेरीची पायरी चढावी लागणार नाही, असं ते म्हणाले. खिडकी बंद. तक्रार फोनवर द्यायची, यंत्र ती नोंदवून घेणार, यंत्र ती पुढे पाठवणार, यंत्रच ती निकाली काढणार. मधे माणूस नको, कारण आजवरचा सगळा उशीर माणसांमुळे झालेला आहे. हे बोलताना त्यांनी सभेतल्या माणसांकडे एक नजर टाकली आणि माणसांनी खाली पाहिलं. कंपनीचा एक तरुण पडद्यावर हिरवे-लाल चौकोन दाखवत होता. कचेरीत त्याचं नाव पहिल्याच दिवशी 'डिजिटल' पडलं.

सगळं ठरलं होतं. फक्त फोनवर बोलणार कोण, हे करारात लिहायचं राहून गेलं होतं. डिजिटलचं म्हणणं आवाज खात्याने द्यायचा, खात्याचं म्हणणं कंपनीने. बरीच पत्रापत्री झाल्यावर मोठ्या साहेबांना अचानक आठवलं की आवाज तर आपल्याकडे पगारावरच आहे.

हेडक्लार्कांनी ही बातमी घरी सांगितली तेव्हा चेहरा शक्य तितका साधा ठेवला होता. बायकोने ती वरच्या मजल्यावरच्या निवृत्त मॅनेजरांना सांगताना मात्र काही साधं ठेवलं नाही. मॅनेजर उभ्या आयुष्यात एकदाही गायले नव्हते, पण घशाबद्दल त्यांची मतं ठाम होती. आठ दिवस गार पाणी बंद, बोलणं बंद, गळ्याला मफलर. मॅनेजरांच्या सौभाग्यवतींनी मधात मिरपूड सांगितली, समोरच्या शिंप्याने कोमट पाण्यात हळद सांगितली, आणि हेडक्लार्कांनी कुणाचं मन मोडायला नको म्हणून सगळंच घेतलं. रेकॉर्डिंगच्या आदल्या दिवशी त्यांचा आवाज पार बसला. मग सगळं सोडून दिल्यावर तो आपोआप ठीक झाला, आणि याचं श्रेय तिघांनी वाटून घेतलं.

रेकॉर्डिंग जुन्या फायलींच्या खोलीत झालं, कारण इतकी शांतता कचेरीत दुसरीकडे कुठे नव्हती. फायलींच्या गठ्ठ्यांमध्ये स्टूल टाकून हेडक्लार्क बसले. समोर कागद होता. 'पाणी येत नसल्यास एक दाबा.' 'पाणी थांबत नसल्यास दोन दाबा.' शेवटी होतं, 'आपली तक्रार नोंदवण्यात आली आहे. धन्यवाद.' हे वाक्य त्यांनी वाचलं आणि त्यांना चुकल्याचुकल्यासारखं झालं. इतकी वर्षं खिडकीतून त्यांनी एकाही माणसाला नुसतं धन्यवाद म्हणून परत पाठवलं नव्हतं. डोळ्यांसमोर कोणीतरी बादली घेऊन उभं आहे असं वाटलं, त्यांनी चष्मा काढला, आणि सवयीने तोंडातून निघून गेलं, "काळजी करू नका. मी स्वतः लक्ष घालतो."

डिजिटलने कानावरचं यंत्र काढलं. हे कागदावर नाही, पण झकास आहे, असं त्याचं म्हणणं पडलं. मोठ्या साहेबांनाही ते फार आवडलं. वाक्य राहिलं.

उद्घाटनाच्या दिवशी बायकोने फोन लावून सगळे आकडे दाबून पाहिले आणि नातेवाइकांनाही दाबायला लावले. ज्यांच्या घरी भरपूर पाणी होतं त्यांनीही तक्रारी नोंदवल्या. मॅनेजरांनी तर फोन स्पीकरवर टाकून जिन्यातल्या सगळ्यांना ऐकवला. त्या दिवशी हेडक्लार्क जिना चढताना कठड्याला हात न लावता चढले.

हे सुख फार टिकलं नाही. आठवड्याभरात ते कोपऱ्यावरच्या दुकानात गेले आणि त्यांनी चहाची पावडर मागितली. एवढंच मागितलं. तोच दुकानातली सगळी माणसं एकदम वळली. एका बाईंनी तर पिशवी खाली ठेवली. तुम्हीच ना ते लक्ष घालणारे, असं त्यांनी विचारलं, आणि परवापासून आमची टाकी कोरडी आहे हे सांगितलं. हेडक्लार्क न्हाव्याकडे दाढीला बसले तर न्हाव्याने वस्तरा गळ्यावर टेकवूनच आपल्या गल्लीचं गाऱ्हाणं मांडलं. त्या स्थितीत माणूस ओठ फारसे न हलवता जे म्हणू शकतो ते हेडक्लार्क म्हणाले, म्हणजे मी स्वतः लक्ष घालतो. यंत्राने दिलेला एक शब्द होताच, त्यावर आता तोंडी दुसरा झाला.

इथे दुसरा कोणी असता तर त्याने कानावर हात ठेवले असते. अहो, ते यंत्र बोलतं, माझा काय संबंध, असं म्हणून मोकळा झाला असता. हेडक्लार्कांना ते जमलं नाही. 'मी' म्हटलंय तर तो मी म्हणजे मीच, अशी त्यांची सरळ समजूत होती. त्यांनी एक पाना विकत घेतला, छत्री आणि पाना एकाच पिशवीत टाकला आणि कचेरी सुटल्यावर ते गावभर लक्ष घालत फिरू लागले. पाइपांची सगळी ओळख त्यांना कागदावरची. वरच्या आळीत पाणी यावं म्हणून त्यांनी एक व्हॉल्व्ह फिरवला. वरच्या आळीत पाणी आलं आणि खालच्या आळीचं गेलं. खालच्या आळीने ताबडतोब फोन लावले, आणि फोनवर हेडक्लार्कांनी त्यांना काळजी न करण्यास सांगितलं. दुसऱ्या दिवशी त्यांनी व्हॉल्व्ह उलटा फिरवायला घेतला तेव्हा तो निघून हातात आला. रस्त्यावर उसळलेल्या पाण्यात उभं राहून, डोक्यावर छत्री धरून, त्यांनी खात्याला फोन केला, आणि त्यांना त्यांचाच आवाज ऐकू आला.

बायकोने त्या दिवशी ओले कपडे वाळत घालताना जे ऐकवलं ते सगळं इथे सांगण्यासारखं नाही. जगाचे नळ बघता आणि घरचा ठिबकतोय, एवढा त्याचा सारांश होता. मॅनेजरांनी मौनव्रत सुचवलं. हेडक्लार्कांनी तेही करून पाहिलं. ते दुकानात बोटाने वस्तू दाखवू लागले. लोकांना वाटलं, यांचा आवाज गेला आणि तरी फोनवर रोज बोलतात, म्हणजे किती तळमळीचा माणूस.

शेवटी एके दिवशी ते फिटरच्या खोलीत गेले. एवढ्या तक्रारी येताहेत तर फिटर कुठे कुठे धावत असेल, त्याला किती वेळा विचारावं लागेल, याचा मनाशी हिशेब करतच गेले. फिटर बाकावर आडवा होऊन एकटाच पत्ते खेळत होता. त्याने उठून नमस्कार केला आणि फार सुखात असल्याचं सांगितलं. स्क्रीनवर एकही काम नव्हतं. उद्घाटनापासून एकही आलं नव्हतं.

हेडक्लार्कांनी डिजिटलला गाठलं. डिजिटलने त्यांना खुर्ची दिली आणि अभिमानाने समजावलं. खात्याचं एक जुनं परिपत्रक होतं: जबाबदार अधिकाऱ्याने नागरिकास आश्वासन दिल्यास तक्रार निकाली समजावी. खात्याने दिलेली सगळी परिपत्रकं त्याने यंत्राला जशीच्या तशी शिकवली होती. आता नागरिक तक्रार देतो, जबाबदार अधिकारी, म्हणजे आपण, तिथल्या तिथे आश्वासन देता, आणि यंत्र हिरवी खूण करून तक्रार बंद करतं. प्रलंबित शून्य. वर अहवाल गेला, वरचे खूश आहेत.

"म्हणजे माझ्या त्या वाक्यामुळे काम होत नाही?" हेडक्लार्कांनी विचारलं.

"त्या वाक्यामुळेच तर होतं," डिजिटल म्हणाला. "काम म्हणजे तक्रार निकाली काढणं ना?"

तिथून ते मोठ्या साहेबांकडे गेले आणि वाक्य काढून टाकण्याची विनंती केली. साहेबांनी त्यांना बसवलं, चहा मागवला, आणि तुमच्यासारखी माणसं होती म्हणून परिवर्तन झालं असं सांगितलं. वाक्य काढणं त्यांच्या हातात नव्हतं. करारात बदल करावा लागेल, त्यासाठी समिती बसेल, आणि समिती बसण्यासाठी यंत्रणेविरुद्ध रीतसर तक्रार नोंदलेली हवी. तक्रारी घ्यायची खिडकी बंद झालेली असल्याने ती फोनवरच द्यावी लागेल. हेडक्लार्कांनी ती दिली. शेवटी स्वतःचाच प्रेमळ आवाज कानात आला आणि त्यांनी फोन ठेवला. तक्रार अर्थातच निकाली निघाली होती.

तरीही माणूस असं काही दिवस रेटू शकतो. संताप येतो, हसू येतं, घरी बोलणी बसतात, दिवस जातो. हेडक्लार्कांचं ते रेटणं टेकडीवरच्या बाईंपाशी संपलं.

बाई निवृत्त शिक्षिका. टेकडीवरच्या शेवटच्या घरात एकट्या राहत. कोणीतरी वाटेत सांगितलं म्हणून हेडक्लार्क पिशवीत पाना घेऊन तिथवर चढले. अर्ध्या चढावर एक वृद्ध बाई दोन लहान डबे घेऊन, प्रत्येक वळणावर ते खाली ठेवत, हात झटकत, वर चालली होती. हेडक्लार्कांनी पुढे होऊन, द्या इकडे, एवढंच म्हटलं. बाई थांबल्या आणि त्यांचा चेहरा उजळला. शिव्या ऐकायच्या तयारीने हेडक्लार्क डबे उचलून उभे राहिले.

"तुम्ही आलात," बाई म्हणाल्या. "मी सगळ्यांना सांगत होते, ते येतील म्हणून. रोज सकाळी फोन करते मी. रोज तेवढ्याच आपुलकीने सांगता तुम्ही. कंटाळत नाही."

चालता चालता बाईंनी आणखी सांगितलं. शेजारच्या घरांनी वैतागून आपापली सोय करून घेतली होती, खालून नळी ओढून आणली होती. बाईंनाही विचारलं होतं. बाईंनी नाही म्हटलं, कारण माणसाने स्वतः लक्ष घालतो म्हटल्यावर त्याच्या मागे दुसरी सोय करणं त्यांना बरं वाटेना. तो अविश्वास झाला असता.

हेडक्लार्कांनी डबे ओट्यावर ठेवले. नळ उघडून पाहिला, त्यातून नुसती हवा आली. घशात आलेलं वाक्य त्यांनी गिळलं आणि ते टेकडी उतरले. त्यांना फार वाईट वाटत होतं. रागावलेल्या माणसांचं त्यांना काही वाटलं नव्हतं, पण त्यांच्यावर विश्वास ठेवून ही म्हातारी बाई रोज चढ चढत होती, हे त्यांना सोसवेना. आपण खोटं बोलणारा माणूस झालो, आणि तेही झोपेत, जेवताना, आंघोळ करताना, दिवसभर.

दुसऱ्या दिवशी त्यांनी रजा टाकली. नोकरीत त्यांनी रजा फारशी घेतली नव्हती, त्यामुळे अर्ज स्क्रीनवर भरताना मॅनेजरांची मदत लागली. कारणाच्या रकान्यात मॅनेजर 'घरगुती' लिहा म्हणत होते. हेडक्लार्कांनी 'दिलेला शब्द पाळता येत नाही' असं लिहायला लावलं. कार्यभार कोणाकडे, हा पुढचा रकाना होता. कचेरीत त्यांनी सगळ्यांना विचारलं होतं, पण त्या आवाजाचा कार्यभार घ्यायला एकही जण तयार नव्हता. दुकानात चहाची पावडर घ्यायला प्रत्येकालाच जावं लागतं. रकाना रिकामा राहिला. आपण निदान घरात तोंड लपवून बसू, एवढाच हेडक्लार्कांचा हेतू होता, आणि रजेच्या पहिल्या दिवशी त्यांनी पाना घेऊन स्वयंपाकघरातला नळ दुरुस्त करायला घेतला.

आता यंत्र किती आज्ञाधारक असतं ते पाहा. खात्याचं आणखी एक परिपत्रक होतं: रजेवरील अधिकाऱ्याने कार्यभार न सोपवता दिलेले आश्वासन ग्राह्य धरू नये. डिजिटलने तेही इमानाने शिकवून ठेवलं होतं. सकाळी फोन सुरू झाले, हेडक्लार्कांचा आवाज नेहमीसारखा शब्द देऊ लागला, आणि यंत्राने पाहिलं की हा गृहस्थ तर रजेवर आहे. हिरवी खूण होईना. एकेक तक्रार उघडी राहून थेट फिटरच्या स्क्रीनवर जाऊन पडू लागली. दुपारपर्यंत मोठ्या साहेबांच्या भिंतीवरचा पडदा लालभडक झाला. फिटरचे पत्ते बाकावर तसेच राहिले. आजूबाजूच्या विभागांतून फिटर मागवले गेले. मोठे साहेब हेडक्लार्कांना फोनवर फोन करत होते, कामावर या, निदान रजा तरी मागे घ्या. फोन बायकोने उचलला. ते नळाखाली आहेत, असं तिने सांगितलं, आणि ते खरंच होतं.

त्या रजेत गावाला जितकं पाणी मिळालं तितकं परिवर्तनानंतर कधी मिळालं नव्हतं. टेकडीवरही आलं.

हेडक्लार्क कामावर परतले तेव्हा सगळी व्यवस्था लागली होती. समिती एका दिवसात बसली होती आणि एका दिवसात उठली होती. फोनवर आता कुठल्याशा यंत्राने बनवलेला बाईचा गोड आवाज होता. तो तक्रारीचा क्रमांक सांगायचा आणि धन्यवाद म्हणायचा. आश्वासन नाही, त्यामुळे कोणी अडकायचा प्रश्न नाही. आश्वासन नसल्यामुळे हिरवी खूणही नव्हती. मग समितीने क्रमांक दिला की निकाली समजावे असं नवं परिपत्रक काढलं, आणि पडदा पुन्हा हिरवा झाला. हेडक्लार्कांचं टेबल जुन्या फायलींच्या खोलीत हलवण्यात आलं होतं, जिथे रेकॉर्डिंग झालं होतं तिथेच. शिक्षा असं कोणी म्हणालं नाही.

त्या संध्याकाळी त्यांनी दुकानात जाऊन चहाची पावडर मागितली. कोणी वळून पाहिलं नाही. हेच तर हवं होतं, आणि तरी पिशवी घेऊन घरी येताना त्यांना उगाच उदास वाटत राहिलं. घरचा नळ ठिबकत नव्हता, त्यामुळे घरातही फार शांत होतं.

काही दिवसांनी फायलींच्या खोलीच्या दाराशी बाई उभ्या राहिल्या. टेकडी उतरून, बंद खिडकी पाहून, विचारत विचारत त्या तिथवर आल्या होत्या. पाणी पुन्हा गेलं होतं. हेडक्लार्कांनी स्टूल पुढे केलं. बाईंनी बसून आधी दम खाल्ला.

"फोन केला होता," त्या म्हणाल्या. "आवाज गोड आहे त्या बाईंचा. पण लक्ष कोण घालणार ते सांगत नाहीत." मग शाळेत मुलाला सांगावं तसं हळू म्हणाल्या, "तुम्ही ते वाक्य म्हणू नका हं. जमणार असेल तरच म्हणा."

हेडक्लार्कांचा हात चष्म्याकडे गेला होता तो तिथेच थांबला. इतक्या वर्षांत हे वाक्य म्हणण्याआधी त्यांना कधी विचार करावा लागला नव्हता. आता त्यांच्याकडे खिडकी नव्हती, अधिकार नव्हता, आणि आवाजही खात्याने परत केला होता. त्यांनी पिशवी उचलली आणि बाईंना सावकाश जिना उतरवून फिटरच्या खोलीकडे नेलं. फिटर पत्ते लावत होता. हेडक्लार्क दारात उभे राहिले. विचारलं काहीच नाही, नुसते उभे राहिले, आणि बरेच उभे राहिले. फिटरने एकदा त्यांच्याकडे पाहिलं, एकदा बाईंकडे पाहिलं, आणि पत्ते गोळा केले.

"निघतो साहेब," तो म्हणाला. "तुम्ही फक्त आता बोलू नका."

ऊन उतरायच्या वेळेला टेकडीवरच्या नळातून आधी हवा आली, मग गढूळ पाणी आलं, मग स्वच्छ आलं. बाईंनी ते हातावर घेऊन पाहिलं आणि डबा खाली लावला. डबा भरेपर्यंत तिघंही बघत उभे होते. उद्या येईल ना, असं बाईंनी नळाकडेच बघत विचारलं.

हेडक्लार्कांनी चष्मा काढला. टेकडी चढून त्यांना धाप लागली होती, घसा कोरडा पडला होता, आणि आवाज नेहमीसारखा लागला नाही. जरा चिरकाच निघाला.

"मी स्वतः लक्ष घालतो," ते म्हणाले.

बाईंनी मान हलवली आणि दुसरा डबा नळाखाली लावला.